लेकीला थ्रीडी व्ह्यूचंच काम करायचंय: आर्किटेक्चर घ्यावं की कॉम्प्युटर?

जाईजुई | शनिवार, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

लेक बारावी सायन्सला आहे. गणित बरं, चित्रकला त्याहून बरी. इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. गेली काही वर्षं ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर घेऊन बसते. आमचं घर, सोसायटीचं गेट, गंगापूर रोडवरचा एखादा बंगला, दिसेल त्याचे थ्रीडी व्ह्यू काढते. परवा जेवताना जाहीर केलं, "मला आर्किटेक्चरल व्हिज्युअलायझेशनच करायचंय." असं काही वेगळं क्षेत्र असतं हे मला तेव्हा कळलं.

तिचे बाबा अंबड एमआयडीसीत आहेत. त्यांचं म्हणणं, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घे, चित्रं सुट्टीत काढ. मामा म्हणतो, ॲनिमेशनचा क्लास लाव, वर्षभरात नोकरी. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई म्हणतात, आर्किटेक्चरच. मला तिघांचंही पटतं, हीच पंचाईत आहे.

तर या कामाला डिझाइन जास्त लागतं की कॉम्प्युटर? नाशिकात राहून पोट भरतं का? आणि ती नवा पीसी मागतेय. त्याची किंमत ऐकून बाबा दोन दिवस गप्प आहेत, त्याबद्दलही कुणी बोला.

खवट_वाचक | शनिवार, सकाळी ११:०५

बिल्डरच्या ब्रोशरमध्ये कारंजी, नारळाची झाडं आणि गोरीपान कुटुंबं चिकटवायचं काम ना हे? एआय करतंय आता दोन मिनिटांत. इंजिनिअरिंगला घाला.

गोदाघाट | शनिवार, दुपारी १:१५

जाईजुई ताई, मी हेच काम करतो, इंदिरानगरात छोटं ऑफिस आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. खवट काकांकडे नंतर येतो.

आमच्याकडे काम येतं ते ऑटोकॅडच्या फाइलमधून. प्लॅन, एलिव्हेशन (बाहेरून दिसणारी बाजू) आणि नशीब चांगलं असेल तर सेक्शन (इमारत उभी कापल्यासारखं दाखवणारं ड्रॉइंग). त्यावरून स्केचअप किंवा थ्रीडीएस मॅक्समध्ये मॉडेल उभं करायचं, मटेरियल लावायची, लाइट, कॅमेरा, रेंडर (म्हणजे मॉडेलवरून कॉम्प्युटरने चित्र तयार करणं), शेवटी फोटोशॉपमध्ये हात फिरवायचा. कुठलं बटण दाबायचं हे क्लासमध्ये शिकवतात आणि त्यात वाईट काही नाही. पण माझ्याकडे येणारी मुलं अडकतात ती त्याच्या आधीच, कारण सेक्शन वाचता येत नाही. टॉयलेटचा स्लॅब खाली घेतलाय हे लक्षात येत नाही, जिन्याच्या लँडिंगखाली माणूस ताठ उभा राहील का ते बघत नाहीत, सिल आणि लिंटेलची (खिडकीच्या खालच्या आणि वरच्या कडेची) लेव्हल न तपासता खिडकी डोळ्यांच्या अंदाजाने बसवतात. क्लायंटला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण "काहीतरी खोटं वाटतंय" एवढं बरोबर कळतं.

दुसरं म्हणजे ऊन. माझ्या मते आमच्या धंद्यातली निम्मी अक्कल इथे लागते. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर. २१ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण साडेशेहेचाळीस अंशांवर असतो. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास तो थेट डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारी बाराला चक्क उत्तरेला असतो. जूनमध्ये तर उगवतोच पूर्वेपासून पंचवीस अंश उत्तरेकडे सरकून. म्हणजे ज्या उत्तरेच्या भिंतीवर ऊन येत नाही असं आपण गृहीत धरतो, तिच्यावर त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ ऊन असतं (ढग नसतील तर, हे आलंच).

आता नेटवर फुकट मिळणारे आकाशाचे एचडीआरआय (मॉडेलभोवती लावून उजेड द्यायचे फोटो) बघा. त्यातले कितीतरी थंड देशांतले, सूर्य खाली असताना काढलेले. लांब सावल्या, मऊ उजेड. ते पाथर्डी फाट्यावरच्या रो-हाऊसवर टाकले की रो-हाऊस थेट नेदरलँड्सला जातं. चित्र सुरेख दिसतं, क्लायंट खूश होतो आणि एप्रिलात पश्चिमेच्या बेडरूममध्ये भाजून निघतो. त्यापेक्षा सॉफ्टवेअरला शहर, तारीख, वेळ सांगावी. खऱ्या जागी सूर्य मिळतो. एप्रिलातले दुपारचे चार लावले की छज्जा पुरतोय की नाही ते समोर दिसतं. माझ्याकडे काम देणारे दोन-तीन आर्किटेक्ट आता एलिव्हेशन फायनल करायच्या आधीच फाइल पाठवतात, ती यासाठी.

लेन्सचंही तसंच. दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये कॅमेरा भिंतीच्या मागे नेऊन १५ एमएमची लेन्स लावली की तिचा हॉल होतो. सॉफ्टवेअर अडवत नाही. अडवायचं आपण. मी २४ एमएमच्या खाली सहसा जात नाही आणि कॅमेरा दीड मीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवतो. यामुळे काही कामं जातात.

पोट भरतं. बंगले, रो-हाऊस, वायनरीच्या बाजूची रिसॉर्टं, दवाखान्यांची इंटेरियर्स, नाशिकात कामाला तोटा नाही. तोटा आहे तो वेळेवर पैसे मिळण्याचा. करेक्शन किती वेळा करणार हे आधी कागदावर घ्या. एका बिल्डरने टाइलचा रंग बदलत बदलत प्रोजेक्टच गुंडाळला आणि वर म्हणाला, "फायनल कुठे झालं होतं?" तेव्हापासून अर्धे पैसे आधी, आणि पूर्ण साइजची फाइल बाकीचे पैसे आल्यावर.

शेव_कमी | शनिवार, दुपारी ३:३०

वाचतेय. भाचा याच नादात आहे, त्याला लिंक पाठवली. उन्हाचं भारी लिहिलंय. आमच्या उत्तरेच्या बाल्कनीतली तुळस जूनमध्ये का सुकते ते आज कळलं.

फोटॉन | शनिवार, रात्री ११:५०

मूळचा नाशिकरोडचा, सध्या पुण्यात ग्राफिक्स प्रोग्रामिंग करतो. गोदाघाट यांनी एक बाजू इतकी छान लिहिली की दुसरीही यायला हवी. "कॉम्प्युटर लागतो" म्हटलं की लोकांना सॉफ्टवेअर चालवणं एवढंच वाटतं.

खोलीतल्या भिंतीवरचा एक ठिपका घ्या. तो किती उजळ दिसेल? त्याचा स्वतःचा प्रकाश असेल तर तो, अधिक सगळ्या दिशांनी त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशातला जेवढा आपल्या डोळ्यांकडे परततो तेवढा. पण तो पडणारा प्रकाशही दुसऱ्या ठिपक्यांवरूनच आलेला, आणि त्यांचाही हिशोब हाच. १९८६ साली जेम्स काजिया यांनी हे सगळं एका समीकरणात मांडलं. त्याला रेंडरिंग इक्वेशन म्हणतात. उत्तर प्रश्नाच्याच पोटात असल्यामुळे खऱ्या खोलीसाठी ते कागदावर सुटत नाही. म्हणून काजियांनीच वाट दाखवली: कॅमेऱ्यातून प्रत्येक पिक्सेलमागे किरण सोडायचे, त्यांना भिंतीभिंतींवर यादृच्छिक दिशांनी टप्पे खाऊ द्यायचे आणि सरासरी काढायची. व्ही-रे, कोरोना ही रेंडर करणारी सॉफ्टवेअरं, तुमच्या लेकीच्या ब्लेंडरमधलं सायकल्स, सगळ्यांचा पाया हाच.

रेंडर सुरू असताना जी रवाळ कचकच दिसते ती या सरासरीतली चूक. नमुने (म्हणजे पिक्सेलमागचे किरण) चौपट केले की ती निम्मी होते. दहावा भाग करायची तर नमुने शंभरपट. ४के चित्रात ८३ लाख पिक्सेल असतात. प्रत्येकी हजार नमुने धरले तर सुमारे ८३० कोटी किरणमार्ग, आणि प्रत्येकाचे अनेक टप्पे. एवढं एका चित्राला. वॉकथ्रूसाठी (इमारतीतून फिरवणाऱ्या फिल्मसाठी) सेकंदाला ३० फ्रेम धरा, मिनिटाला १८००. एका फ्रेमला पाच मिनिटं लागली तरी एका मिनिटाच्या फिल्मला १५० तास, म्हणजे सहा दिवसांहून जास्त. म्हणून लोक रेंडर फार्म (एकत्र जोडलेले बरेच कॉम्प्युटर) भाड्याने घेतात, कचकच पुसणारे डीनॉइझर वापरतात, किंवा अनरियल, ट्विनमोशन, लुमिऑन अशा रिअल-टाइमवाल्यांकडे जातात. तिथे अचूकपणा थोडा सोडून वेग घेतलेला असतो. कुठे किती सोडलाय हे ज्याला कळतं त्याचे तास वाचतात.

गणिताचं म्हणाल तर, सदिशांचा अदिश गुणाकार बारावीला आहेच. तिरपं ऊन भिंतीवर फिकं का पडतं याचं उत्तर तो गुणाकार देतो. संभाव्यता आहे, संकलन (इंटिग्रेशन) आहे. हे धडे तिला नुसते मार्कांपुरते वाटत असतील तर एकदा या नजरेने वाचू द्या.

आणि स्क्रिप्टिंग, म्हणजे छोटे प्रोग्राम लिहून सॉफ्टवेअरकडून काम करून घेणं. ब्लेंडरमध्ये पायथन आहे, मॅक्समध्ये मॅक्सस्क्रिप्ट, राइनोमध्ये ग्रासहॉपर. समजा चार विंगची सोसायटी आहे आणि संध्याकाळच्या व्ह्यूमध्ये काही खिडक्यांत दिवे हवेत, काहींत नकोत, पडदे वेगवेगळे, आणि हे सगळं ओळीने मांडल्यासारखं दिसता कामा नये. हाताने करणारा दुपारभर बसेल. स्क्रिप्टवाला चहा येईपर्यंत मोकळा. नंतर आर्किटेक्टने एक मजला वाढवला (वाढवतातच) तरी स्क्रिप्टवाल्याचं काही बिघडत नाही.

माझं मत: कॉम्प्युटरची बाजू घरी बसून शिकता येते. शिकवायला लोक आणि व्हिडिओ उदंड आहेत. इमारत वाचायला घरी शिकणं फार अवघड. मी रेंडरर लिहू शकतो, पण त्या खोलीत सोफा कुठे ठेवावा हे मला विचारू नका.

टी_स्क्वेअर | रविवार, सकाळी ७:२०

आम्ही रोट्रिंग पेन आणि ट्रेसिंग पेपरच्या काळातले. तेव्हा या कामाला ऑफिसात 'पर्स्पेक्टिव्ह' म्हणत आणि ते करणारा माणूस वेगळा असे, मान आर्किटेक्टपेक्षा जास्त. लांबलचक इमारतीचा व्हॅनिशिंग पॉइंट (समांतर रेघा लांब जाऊन मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू) ड्रॉइंग बोर्डच्या पार बाहेर जायचा. मग टेबलापलीकडे खिळा ठोकून त्याला दोरा बांधायचा आणि दोऱ्याच्या रोखाने रेघा मारायच्या. वर पोस्टर कलर. काय काढायचं नाही हे त्या लोकांना फार चांगलं कळे. हल्लीच्या व्ह्यूमध्ये प्रत्येक पान, प्रत्येक टाइल सारखीच ठसठशीत असते आणि डोळा कुठे ठरत नाही.

शिक्षणाबद्दल. बी.आर्च. पाच वर्षांचं, बारावीला गणित हवं, नाटा (आर्किटेक्चरची प्रवेशपरीक्षा) किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. थ्रीडी व्ह्यूचं काम करायला कुठलीही नोंदणी लागत नाही. आर्किटेक्ट ही उपाधी मात्र १९७२ च्या कायद्याने राखीव आहे, ती कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नोंदणीशिवाय लावता येत नाही. तेव्हा मुलीला नीट विचारा. दुसऱ्याने ठरवलेली इमारत दाखवण्यातच तिला आनंद असेल तर पाच वर्षं कशाला घालवायची? ही खिडकी इथे नको, तिथे हवी असं तिचं तिलाच वाटत असेल, तर मात्र आर्किटेक्चरशिवाय ती चडफडत राहील.

काहीही घेतलं तरी हाताने रेखाटणं सोडू नका. सराफ बाजारातल्या सरकारवाड्यात जा, एक लाकडी खांब घ्या, तळखड्यापासून वरपर्यंत वहीत काढा. काळाराम मंदिरापाशी सकाळी आणि दुपारी उभं राहून तो पाषाण बघा. काळ्या दगडाला मुलं सरळ काळा रंग देतात आणि मंदिर डांबरात बुडवल्यासारखं दिसतं. तो दगड उन्हात राखाडी असतो, पावसात भिजला की गडद होतो आणि कडांवर चकाकतो.

गोदाघाट | रविवार, सकाळी ९:१०

सर, अगदी हेच. आणि उलट टोकाला पांढरा. पांढरीशुभ्र भिंतसुद्धा पडलेल्या प्रकाशातला साधारण ८०-८५ टक्केच परत पाठवते. मुलं मटेरियलमध्ये शंभर टक्के पांढरा टाकतात. मग प्रकाश खोलीत मरतच नाही, कोपरे धुऊन निघतात, आणि वर रेंडरही जास्त वेळ घेतो. असं का होतं ते फोटॉन सांगतील.

फोटॉन | रविवार, सकाळी ९:४५

किरणाची ताकद टप्प्यागणिक घटली की तो लवकर सोडून देता येतो. घटलीच नाही तर ठरवलेली मर्यादा येईपर्यंत टप्पे मोजत बसावं लागतं.

द्राक्षमळा | रविवार, दुपारी १२:३०

मी पलीकडच्या बाजूचा, एका बांधकाम कंपनीत मार्केटिंग बघतो. खवट साहेबांनी कारंज्यांचा उल्लेख केला म्हणून. रेरा कायद्याचं, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या २०१६ च्या कायद्याचं कलम १२ वाचा. जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून ग्राहकाने पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर व्याजासकट पैसे परत. खाली बारीक अक्षरात "कलाकाराच्या कल्पनेतील चित्र" लिहून आपण सुटलो असं बऱ्याच जणांना वाटतं. आमचे वकील आम्हाला तसं समजू देत नाहीत. शेजारचा प्लॉट आमचा नसेल तर त्यावर बाग दाखवायची नाही, असं आता थ्रीडीवाल्याला लेखी देतो. म्हणून प्लॅन वाचणारा माणूस लागतो, आणि तो सहज मिळत नाही.

खवट_वाचक | रविवार, दुपारी १:००

एवढं रामायण झालं, पण एआयवर कुणी बोलेना.

रात्रपाळी | रविवार, रात्री १०:१५

मी बोलते. मी घरून परदेशी स्टुडिओंसाठी काम करते, इंटेरियरची रेंडर्स. (आयडी अमेरिकन क्लायंट होते तेव्हाचा आहे. आता जर्मनीचं काम असतं, ते उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे आणि हिवाळ्यात साडेचार, त्यामुळे झोप मिळते.)

खवट काकांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. एकच एलिव्हेशन, एकच व्ह्यू, संध्याकाळी द्या, अशी जी कामं असायची त्यातली बरीच एआय खाणार, खातंयच. सुरुवातीच्या कल्पनेसाठी, मूड ठरवायला आम्हीही वापरतो. पण क्लायंटला तीच खोली चार कोनांतून हवी असते. एआयच्या पहिल्या चित्रात खिडकीला तीन झडपा, दुसऱ्यात चार. सोफा तोच हवा, कंपनीच्या कॅटलॉगमधला, त्याच कापडाचा. त्यात "खिडकी १५ सेंटिमीटर डावीकडे घ्या" असं आलं की मॉडेलशिवाय गत्यंतर नाही. द्राक्षमळा यांनी सांगितलेलं कलमही तिथेच आड येतं. तेव्हा नुसती बटणं शिकून या धंद्यात उतरणाऱ्याची अवस्था येत्या काळात कठीण आहे, इतपत मी काकांशी सहमत. म्हणून वर्षभराच्या क्लासवर मी पैज लावणार नाही.

पीसीबद्दल, ताई. लॅपटॉप घेऊ नका. रात्रभर रेंडर चालला की तो तापतो आणि वेग आपोआप कमी करतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर विचारूच नका. डेस्कटॉप घ्या, कॅबिनेटमध्ये हवा खेळती हवी. ग्राफिक्स कार्डावर रेंडर करायचं तर सगळा सीन कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावावा लागतो, नाहीतर रेंडर रडतो किंवा बंदच पडतो. त्यामुळे कार्डाचं मॉडेल किती नवं आहे त्यापेक्षा मेमरी आधी बघा, निदान १२ जीबी. रॅम ३२ जीबी. मॉनिटर स्वस्तातला घेऊ नका, रंग खोटे दाखवतो. आणि यूपीएस हवाच. पहाटे वीज गेली की रात्रीचं सगळं मुसळ केरात.

सगळं एकदम घ्यायची गरज नाही. ब्लेंडर फुकट आहे, धंद्यासाठी वापरलं तरी फुकट. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवाना देतं. चोरीचं सॉफ्टवेअर मात्र घरात शिरू देऊ नका. बाहेरचे स्टुडिओ काम देताना परवान्याचं विचारतात.

जाईजुई | सोमवार, सकाळी ११:२५

किती लिहिलंत सगळ्यांनी! रात्री लेकीने बाबांना शेजारी बसवून मोठ्याने वाचून दाखवलं. टी_स्क्वेअर सरांचा प्रश्न तिला जसाच्या तसा विचारला. ती म्हणाली, "मला खिडकी हलवायची असते, पण का ते सांगता येत नाही." यावर बाबा म्हणाले, मग ते शिकायलाच पाच वर्षं लागत असतील. तर नाटा द्यायचं नक्की झालंय. इंजिनिअरिंगच्या सीईटीचा फॉर्मही भरणार, तेवढं त्यांचं समाधान. पीसीमध्ये आधी फक्त कार्ड आणि रॅम बदलू, कॅबिनेट जुनंच.

आता तिचा प्रश्न. तिच्या मैत्रिणीच्या आजोबांचा जुन्या नाशकात वाडा आहे, दिवाळीनंतर पाडणार आहेत. घरच्यांची परवानगी आहे. तिला तो पूर्ण मॉडेल करून ठेवायचाय. माप कसं घ्यायचं? तिच्याकडे मोबाइल आणि टेप, एवढंच आहे.

टी_स्क्वेअर | सोमवार, दुपारी ४:००

उत्तम. एकटी जाऊ नये, आणि वरच्या मजल्यावर जाण्याआधी घरच्यांना विचारावं की जमीन कुठे कमकुवत आहे.

आधी माप न घेता प्रत्येक मजल्याचा कच्चा प्लॅन वहीत काढायचा. मग टेप एका कोपऱ्यात धरून भिंतीच्या कडेने सलग मापं घ्यायची: दार सुरू इतक्यावर, संपलं इतक्यावर, खांब इतक्यावर. सुटी मापं घेऊन बेरीज केली की चूक साठत जाते. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजायचे, वाड्यातली खोली काटकोनात सापडणं दुर्मिळ. भिंतींची जाडी दारात मोजायची. पायरीची उंची एकेकीची नको, पूर्ण जिन्याची घेऊन पायऱ्यांनी भागावं, पण पहिली आणि शेवटची वेगळी तपासावी.

फोटॉन | सोमवार, रात्री ९:३०

कोरीव खांब, तुळयांची टोकं, देवळी वगैरे टेपने होणार नाही. त्यासाठी फोटोग्रॅमेट्री, म्हणजे पुष्कळ फोटोंवरून थ्रीडी मॉडेल बनवणं. ढगाळ दिवस किंवा चौकातली सावली बघायची, थेट ऊन नको, कारण सावली टेक्श्चरमध्ये (मॉडेलवर चढणाऱ्या चित्रात) कायमची बसते. खांबाभोवती फिरत फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत आधीच्यातला साठ-सत्तर टक्के भाग आला पाहिजे. एक फेरी खालून, एक मधून, एक वरून. झूम आणि फ्लॅश बंद, एक्स्पोजर लॉक. फोटोत कुठेतरी माहीत असलेल्या लांबीची पट्टी ठेवायची, नाहीतर मॉडेल तयार होतं पण माप कळत नाही. यासाठीचं मेशरूम सॉफ्टवेअर फुकट आहे, नवं कार्ड एनव्हिडियाचं असेल तर त्यावर नीट चालेल. असंच पुढे सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरात करायचं मनात आलं तर ती संरक्षित वास्तू आहे, ट्रायपॉड न्यायच्या आधी परवानगीचं विचारा.

गोदाघाट | सोमवार, रात्री १०:०५

माझ्याकडे लेसर मीटर आहे, रविवारी मोकळा असतो. मैत्रिणीच्या आजोबांना चालणार असेल तर ताई, तुम्हीही या सोबत, अर्ध्या दिवसात दोन्ही मजले होतील. वेळ व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) ठरवू.